खर्जाच्या तारेची साक्ष

"हे ऐकून तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. पण यातला एक शब्द जरी कुणी खोटा ठरवला ना, तर ही मिशी उतरवून त्याच्या हातात देईन!"

एवढं बोलून विरूपाक्षअण्णा हंचनाळ्यांनी बशीतला शेवटचा घोट ओढला आणि मांडी बदलली. अण्णांनी मांडी बदलली की गोष्ट सुरू झाली, हे टेकवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. याच गोष्टीवर मिशी आजवर वीसेक वेळा पणाला लागली होती आणि प्रत्येक वेळी आपल्या जागी सुखरूप राहिली होती.

गुरुवार होता. गुरुवारी वायरमन लोक तारांची डागडुजी करतात, म्हणून सकाळी आठपासून चार वाजेपर्यंत टेकवाडीला लाइट नसते. शांतव्वाच्या घरात, पुढच्या सोप्यातला पंखा नुसता लोंबकळत होता. मगदूम गुरुजी वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत होते. सुपात पावटे घेऊन शांतव्वा शेंगा सोलत बसली होती. आणि तिच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, तिचा एकुलता एक मुलगा महांतेश बसला होता. हिरव्या बनियनमधला, उन्हाबर्फानं काळाठिक्कर पडलेला, सीमेवरून महिन्याच्या सुट्टीवर कालच आलेला.

आज अण्णा गोष्ट सांगत होते ती खरं तर त्याच्यासाठी. गोष्ट त्याचीच होती आणि गावात फक्त त्यानंच ती अण्णामामांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"सांगा मामा," महांतेश म्हणाला. "फोनवर आईनं निम्मीच सांगितलीय."

"तुझ्या आईला गोष्ट सांगायला येत नाही. ती डायरेक्ट शेवट सांगते," अण्णा म्हणाले.

शांतव्वानं एक शेंग फोडली, दाणे सुपात पडले.

अण्णांचा मूळ धंदा मिरजेत तंबोरे जुळवण्याचा. पुढं गुडघे गेले, बैठक जमेना, तेव्हा गावी परतून त्यांनी एक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेतलं आणि आवाज टिपायला लागले. भजन, कीर्तन, लग्नातली सनई. पुण्या-मुंबईच्या मालिकावाल्यांना जात्याची घरघर लागायची, बैलाच्या गळ्यातली घंटी लागायची, तीही अण्णा पुरवायचे. कान असा, की गल्लीत शिरलेली मोटारसायकल कुणाची आहे आणि तिचं कितवं टायर उतरलंय, ते बसल्या जागी सांगायचे. गेल्या आठ महिन्यांत मात्र त्यांनी ते यंत्र कपाटातून काढलं नव्हतं. "कान म्हातारे झाले," म्हणायचे.

"तर महांतेशा, आधी गुंजन समजून घे. ते नाही समजलं तर पुढचं सगळं वाया."

वीज म्हणजे काय? तर साऱ्या देशावर ताणलेला एक तंबोरा. एका सेकंदाला पन्नास हेलकावे, हा त्याचा षड्ज. पण हा षड्ज कधी अगदी स्थिर नसतो. सकाळी गावोगावचे पंप सुरू झाले की तो केसभर उतरतो, दुपारी कारखाने थांबले की केसभर चढतो. आणि हे उतरणं-चढणं कालच्यासारखं आज नसतं, आजच्यासारखं उद्या नसतं. शिवाय प्रत्येक गावाच्या लाइनीवर तिथल्या गिरणीची, क्रशरची, वेल्डिंगच्या दुकानाची खरखर चढलेली असते, ती वेगळी. खांबाजवळ, बल्बजवळ, तारेजवळ कुठंही आवाज टिपा. त्याच्या बुडाशी ही बारीक गुणगुण टिपली जातेच. माणसाला ती ऐकू येत नाही. यंत्राला येते. दोन संशोधक मुलींनी सगळ्या देशाच्या विजेची क्षणाक्षणाची नोंद ठेवली, टिपलेला आवाज तिच्याशी ताडून पाहिला, आणि झालं! कुठलाही आवाज आणा, तो कुठल्या गावात, कुठल्या दिवशी, किती वाजता टिपला, ते यंत्र सांगायला लागलं.

"म्हणजे आवाजाची जन्मकुंडलीच," गुरुजी म्हणाले. हे ते प्रत्येक वेळी म्हणत.

मग कायदा झाला. आधीच्या चकमकीत वाहिन्यांनी कुठल्या कुठल्या देशांतले जुने स्फोट दाखवून लोकांना पेटवलं होतं, त्यामुळं आता प्रत्येक बातमीच्या कोपऱ्यात गुंजनशिक्का आला. सांगितलेलं ठिकाण आणि वेळ जुळली तर हिरवा, नाही जुळली तर लाल. आणि आवाजात विजेची गुणगुणच नसेल, तर पांढरा, कोरा.

"इथंच सगळा घोळ झाला बघ," अण्णा पुढं सरसावले. "अठरा हजार फुटांवर, बर्फात, विजेचा खांब असतोय का?"

"नसतो," महांतेश म्हणाला.

"म्हणजे खऱ्या लढाईचा आवाज कसा असणार? कोरा! झालं. वाहिन्यांनी लोकांना पढवलं: हिरवा बघू नका, लाल बघू नका, कोरा शिक्का दिसला की समजा, हाच खरा रणाचा आवाज. जे यंत्र खोटं पकडायला बसवलं, तेच खोट्याला जामीन राहायला लागलं. वीज नाही तिथं टिपलेला धमाका म्हणजे सोनं!"

एवढ्यात लांबून टेकडीमागून दणका आला. सुपातले पावटे थरथरले. महांतेश अर्धा उठला, हात जमिनीला टेकले, आणि मग स्वतःच ओशाळून परत बसला.

"खाणीचा सुरुंग रे," गुरुजी म्हणाले. "लाइट नसली की क्रशर बंद. रिकामं बसायचं कशाला, म्हणून सुरुंग गुरुवारीच उडवतात. विसरलास होय?"

"विसरलो," महांतेश हसला. "तिकडचा आवाज असा नसतो, गुरुजी. हा गोल येतो. तिकडचा कोरडा असतो, फळी मोडल्यासारखा."

अण्णांनी घाईनं खाकरलं. "ऐक पुढं."

गेल्या माघात सीमेवर ठिणगी पडली. 'रणवज्र' नावाची वाहिनी घराघरांत चालू झाली. रोज संध्याकाळी सातला निवेदक ओरडायला लागायचा. मागं बर्फाचे डोंगर, कोपऱ्यात कोरा शिक्का, आणि पडद्याच्या कडेला जनमताचा काटा. रिमोटवर दोन बटणं दिली होती, 'युद्ध' आणि 'बोलणी'. प्रत्येक धमाक्यानंतर काटा एक घर वर सरकायचा. पहिल्या दिवशी शंभरात चाळीस माणसांना युद्ध हवं होतं. बाराव्या दिवशी एक्क्याऐंशी.

"गुरुजी तर सोफ्यावर उभे राहून बटण दाबत होते," अण्णा म्हणाले.

"सोफ्यावर नव्हतो. खुर्चीवर," गुरुजी म्हणाले. "आणि मी एकटा नव्हतो."

ते खरं होतं. जन्मभर शाळेत मुलांना भांडणं मिटवायला शिकवलेला माणूस सात वाजता गडगडायला लागायचा, आणि त्याच्या शेजारी बसून शांतव्वाही बटण दाबायची. 'युद्ध'. बारा संध्याकाळी. मुलगा चौकीवर आहे, त्याला बळ मिळावं म्हणून. अण्णा तिला म्हणाले होते, "शांते, अगं तोच जाणार आहे ना त्यात?" तर तिनं रिमोट उशीखाली ठेवला होता आणि म्हणाली होती, "तुला कळत नाही, अण्णा. एवढे आवाज खोटे असतील का?"

तेराव्या दिवशी निवेदकाचा आवाजच बदलला. गरुडटोक चौकी उद्ध्वस्त झाल्याचं वृत्त, अकरा जवानांशी संपर्क नाही, अधिकृत दुजोरा यायचाय, आणि हा ऐका तिथला थेट आवाज. काळा पडदा. एक शिट्टी. मग धमाका, मोठा, गोल, दऱ्यांतून घुमत जाणारा. शिक्का कोरा.

महांतेश गरुडटोकवर होता.

"तुझी आई ओरडली नाही की रडली नाही," अण्णा म्हणाले, आणि इथं त्यांचा आवाज दर वेळी खरोखरच बसायचा. "उठली, चुलीवरचं दूध उतरवलं आणि परत बसली. तुझा फोन सहा दिवस बंद. लष्कराच्या कार्यालयात विचारलं तर म्हणाले, हिमवादळ आहे, संपर्क झाला की कळवू. वाहिनी मात्र दर दहा मिनिटांनी तोच धमाका लावत होती. तोच! आणि दर वेळी तुझी आई अशी दचकायची, जसं काही तू दर वेळी नव्यानं..."

त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. शांतव्वानं त्यांच्याकडं पाहिलं. मग परत शेंगांकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला 'रणवज्र'ची गाडी टेकवाडीत आली. छपरावर तबकडी, आत तन्वी नावाची वार्ताहर, चुणचुणीत, गोड बोलणारी. त्याच्या पुढच्याच दिवशी दिल्लीत बोलणी ठरली होती. वाहिनीला त्याच्या आधी एक आई हवी होती. पाच वाजता थेट प्रक्षेपण; आईनं एवढंच म्हणायचं, बोलणी नकोत, बदला हवा. सोप्यात शंभर माणसं जमली. कुणी जोतिबाच्या यात्रेतला ढोल आणला होता. शांतव्वाला खुर्चीत बसवलं, पदराला माइक लावला.

"आणि ती बोलणार होती," गुरुजी हळूच म्हणाले. "मी तिला वाक्य लिहून दिलं होतं. माझ्याच हातानं."

"बोलणार होती! ती बोलली असती तर काटा शंभरावर गेला असता, बोलणी मोडली असती, आणि लढाई नसलेल्या ठिकाणी लढाई पेटली असती. तिथं, जिथं हा बसला होता." अण्णांनी महांतेशकडं बोट केलं. "मी काय केलं? घरी गेलो आणि तंबोरा घेऊन आलो."

"तंबोरा?"

"तंबोरा! यंत्र म्हणतंय कोरा शिक्का. पण यंत्राला खालची मर्यादा असते. त्याहून बारीक गुणगुण त्याला ऐकू येत नाही. भोपळ्याला येते! दोन तारा एका सुरात लावल्या आणि एक छेडली, तर दुसरी आपोआप बोलते, हे तू लहानपणी माझ्या दुकानात पाहिलंयस. मी खर्जाची तार उतरवत उतरवत बरोबर विजेच्या पन्नासावर आणली. गुरुजींचा फोन भोपळ्याला चिकटवला, त्यावर तो धमाका लावला, आणि कॅमेऱ्यासमोर बसलो. म्हटलं, आवाजात वीज असेल तर तार बोलेल, नसेल तर मी गप्प उठून जातो. सगळे शांत. ढोलवाल्यानंसुद्धा हात वर धरला. धमाका झाला... आणि धमाका संपल्यावर तार बोलायला लागली. आपोआप! घूँऽऽ... घूँऽऽ... पाच मिनिटं."

"मागल्या वेळी दोन मिनिटं होती," गुरुजी म्हणाले.

"मागल्या वेळी तुम्हाला घाई होती."

महांतेश मोठ्यानं हसला. तो हसला की शांतव्वाचा हात क्षणभर थांबायचा आणि ती नुसती त्याच्याकडं बघत राहायची. आज सकाळपासून हे चाललं होतं.

"मी उभा राहिलो," अण्णा म्हणाले, "आणि सगळ्या देशाला ऐकू जाईल असं सांगितलं: हा आवाज गरुडटोकचा नाही. हा आमच्या टेकवाडीच्या खाणीतला सुरुंग आहे! ती शिट्टी खाणीच्या मुकादमाची आहे, माणसं मागं सरकावीत म्हणून मारतो ती. आमच्या गावाची खरखर मी माझ्या आईच्या हाकेसारखी ओळखतो. माझा भाचा गेलेला नाही. कुणाचंही पोर या आवाजानं गेलेलं नाही!"

तन्वीचा गोडवा उडाला. तिच्या कानातल्या यंत्रातून कुणीतरी ओरडत होतं. तिनं कॅमेऱ्यापुढं हात धरला, पण गुरुजींच्या शेजाऱ्याचा फोन चालूच होता, आणि तासाभरात ती चित्रफीत सगळ्या राज्यात फिरली. गावोगावची माणसं जुने धमाके परत ऐकायला बसली. जालन्याकडच्या एकानं ओळखलं, हा आमच्या विहिरीचा सुरुंग. नंदुरबारच्या एका बाईनं ओळखलं, या धमाक्यामागं माझा कोंबडा आरवतोय. अठरा हजार फुटांवर कोंबडा! लोक आधी चिडले, मग हसायला लागले, आणि एकदा हसल्यावर काट्याला वर ढकलणं कुणाला जमेना. बोलणी ठरल्याप्रमाणं झाली.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तुझा फोन," अण्णा म्हणाले. "काय म्हणालास आठवतंय?"

"आई, जेवलीस का?"

"बघा! इकडं देश उलथापालथ होतोय, आणि हा विचारतोय जेवलीस का. तुझ्या आईनं फोन कानाला लावला आणि खालीच बसली. मग दोन दिवसांचं सगळं रडू एकदम आलं. आणि मग उठून पोळ्या लाटायला लागली. साठ पोळ्या. खाणारं कोण, ते तिलाही माहीत नव्हतं."

गुरुजींनी डोळे पुसले. वीस वेळा ऐकूनही त्यांचं इथं तसंच व्हायचं. त्या दिवसापासून त्यांनी रिमोट माळ्यावर टाकला होता.

"पण एक सांगा अण्णा," गुरुजी म्हणाले. "वाहिनीला हा आवाज विकला कुणी? ते आजवर कळलं नाही."

"असेल कुणीतरी नालायक," अण्णा म्हणाले आणि रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

महांतेश पुढं वाकला होता. बर्फात काढलेली दोन वर्षं त्याच्या चेहऱ्यावरून उतरली होती. अण्णांना तो पुन्हा दुकानातल्या तारा मोजणारा दहा वर्षांचा भाचा वाटला. "मामा, पण तारेनं तुम्हाला काय काय सांगितलं? नुसतं गाव, की यंत्रासारखं सगळं?"

असा श्रोता मिळाल्यावर अण्णांना आवरणं देवालाही जमलं नसतं. आजवर वीस वेळा त्यांनी नुसतं गाव सांगितलं होतं. आज भाचा विचारत होता.

"सगळं!" ते म्हणाले. "यंत्र काय सांगेल, असं! डोळे मिटले, तारेला कान लावला, आणि एकेक अक्षर स्पष्ट. टेकवाडीची खाण. खालचा टप्पा, ओढ्याच्या बाजूचा. गुरुवार. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं!"

"वा!" महांतेश म्हणाला.

शांतव्वाचा हात थांबला. तिनं हातातली शेंग न फोडता तशीच सुपात ठेवली, सूप बाजूला सारलं, आणि मान वर करून सोप्यातल्या पंख्याकडं पाहिलं. पंखा ढिम्म होता. तिच्या मागोमाग गुरुजींनी पाहिलं. मग महांतेशनं. वारा घेणारं वर्तमानपत्र अर्ध्यावर थबकलं.

अण्णांनीही वर पाहिलं. आणि आठ महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी एका बाजूनं उचलतंय, असं त्यांना वाटलं. त्यांना भीती वाटायला हवी होती. ज्या दाराशी आपण भाच्याचं खोटं मरण आणून टाकलं, त्या दारात बहीण परत पाऊल ठेवू देणार नाही, याच भीतीनं तर त्यांनी त्या दिवशी खरं सांगायचं सोडून तंबोरा आणला होता. पण शांतव्वाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं, आणि ते रागासारखं दिसत नव्हतं.

"खोटं!" शांतव्वा म्हणाली. "अण्णा, गुरुवारी अकरा चाळीसला आपल्या गावात लाइट असते का रे कधी? तारेत गुणगुण आली कुठनं? तार तू करंगळीनं छेडत होतास, मी समोरच बसले होते. तुला तो आवाज ओळखू आला, कारण तो तूच टिपला होतास. त्या गुरुवारी इथं जेवायला आलास तेव्हा तुझ्या चपलांवर खाणीची पांढरी भुकटी होती, आणि मी विचारलं तर म्हणालास, मिरजेला डॉक्टरकडं गेलो होतो. मालिकेला म्हणून दिलास की बातमीला म्हणून दिलास, ते तुझं तू सांग. मी आठ महिने वाट बघतेय. बटण मीसुद्धा बारा दिवस दाबलंय, मी कुठल्या तोंडानं तुला हाकलू? महांतेशा, ऊठ, आत कोनाड्यात तुझ्या बाबांचा वस्तरा आहे, तो आण. आणि अण्णा, तू मांडी बदल. आता खरी सांग, पहिल्यापासून."